अमेरिकेला निघालेल्या गाद्या

वालूरला आत्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या बायकांनी मला खुर्ची दिली आणि त्या स्वतः फरशीवर बसल्या. मशीनपुढची स्टुलं सोडली तर खुर्ची एकच होती. मी खाली बसायला लागले तर त्यांतली एक म्हणाली, "बस माय वरच. इंग्लिश शाळेतल्या पोरीला मांडी घालता येत न्हाई." मला मांडी घालता येते. पण ते सांगण्याइतका आवाज त्या दिवशी निघाला नाही, आणि मग ते सांगायची वेळ गेली. त्यानंतर मी आले की खुर्ची पुढे सरकवली जायची, आणि मी बसायचे.

मी परभणीला राहते. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते, अजूनही करते आहे. घरात इंग्रजीत पत्र लिहू शकणारी मी एकटीच, म्हणून वडिलांनी मला त्यांच्या बहिणीच्या मदतीला दिलं. आठवड्यातून एकदा रेल्वेने सेलू, सेलूहून ऑटोने वालूर. बाकीचं काम फोनवर.

आत्याचं काम खुर्चीवरच्या गाद्यांचं. परभणीच्या औद्योगिक वसाहतीत फोमचे मोठे ठोकळे पातळ कापून मिळतात. ते चौकोनी तुकडे टेम्पोने वालूरला यायचे. शेडमध्ये बायका चौकटीच्या सुती कापडाचे अभ्रे शिवायच्या. तीन बाजू मशीनवर, मग फोम आत सारायचा, आणि चौथी बाजू हाताने. या चौथ्या बाजूला सगळ्या 'तोंड' म्हणायच्या. तोंड शिवून झालं की मधोमध गाठी, कोपऱ्यांना नाड्या, आणि गादी तयार. पुण्याचा एक व्यापारी त्या घेऊन अमेरिकेला पाठवायचा. तिकडे लोक त्या स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्च्यांना बांधतात, असं त्याने पाठवलेल्या फोटोत दिसत होतं. फोटोत खुर्च्या होत्या, टेबलावर संत्री होती, माणूस कुणी नव्हतं.

फोमचा बारीक चुरा सगळीकडे असायचा. तो केसांना चिकटतो, ओल्या हाताला चिकटतो, झाडूने पुढे ढकलला तर मागे येतो. बायका तो पिशव्यांत भरून घरी उश्यांसाठी न्यायच्या. बहुतेक जणी त्याला रबर म्हणायच्या. तो रबर नाही, प्लास्टिकच्या जातीचा आहे, हे मला व्यापाऱ्याच्या पत्रांवरून कळलं, कारण सीमेवर रबराला एक कर आणि प्लास्टिकला दुसरा. शिवाय तोच फोम नुसता पाठवला तर प्लास्टिकची वस्तू, आणि अभ्र्यात घालून तोंड शिवलं की घरसामान. ठोकळा, तुकडा, गादी, प्रत्येक पायरीला त्याचा कराच्या यादीतला खाना बदलतो. मला हे वाचायला आवडायचं. कुणाला सांगितलं नाही, कारण विचारलं कुणी नव्हतं.

शेड आत्याच्या दिराची. जागा त्याची, पत्रे त्याचे, शहाबादी फरशी त्याने घातलेली, आणि हे सगळं त्याने सोयाबीन ठेवायला बांधलं होतं. आत्याचे यजमान वारल्यानंतर तिने चार मशीन घेतल्या आणि दिराकडे शेड मागितली. तो एवढंच म्हणाला होता, "चालती हाय तवर तुमची, वैनी. बंद पडली की माझं सोयाबीन आत." कागद काही झाला नाही. आत्या या वाक्यावर तिथे होती. त्याआधी ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. शेड गेली तर परत खुरपंच हातात येणार, हे ती अधूनमधून बोलून दाखवायची, तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून.

त्या वर्षी पावसाळ्यात अमेरिकेने आपल्याकडच्या मालावर आयातकर वाढवला. मग बातमी आली की तो आणखी वाढून दुप्पट होणार. व्यापाऱ्याचं पत्र आलं: ठरलेल्या तारखेच्या आत जो माल जहाजावर चढेल त्याला जुनाच कर, नंतरच्याला नवा. तेव्हा सगळा माल लवकर तयार करा, तपासणीला माणूस पाठवतो, त्याने पास केला की ट्रक लगेच निघेल. ही ऑर्डर वेळेत गेली तर पुढचीही तुम्हालाच देण्याचा विचार करू, असं शेवटी होतं.

मी ते पत्र शेडमध्ये मराठीत सांगितलं. मशीन थांबल्या.

"कर म्हंजे जकातच ना?" एकीने विचारलं.

आत्या म्हणाली, "आठवडी बाजारात बसलं की पावती फाडत्यात ना, तसं. त्यांच्या बाजारात आपला माल बसला की ते पावती फाडणार."

"मग ती पावती आपून भरायची का त्या पुण्यावाल्यानं?"

मी म्हणाले, तिकडचा घेणारा भरतो.

"मग भरू दे की त्याला! आपल्या बापाचं काय जायलंय?"

मी सांगितलं की तो भरतो, पण मग त्याला गादी महाग पडते, म्हणून तो पुण्याला म्हणतो स्वस्तात द्या, आणि पुणं आपल्याला म्हणतं.

"म्हंजे सांडलं तिकडं आन पुसायचं हिकडं," मामी म्हणाली.

मामी म्हणजे शेडमधली वयाने सगळ्यांत मोठी बाई. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत. मुलगा आणि सून कळपामागे जातात, आणि ही तोंडं शिवायला येते. मशीन तिला येत नाही आणि शिकायचीही नाही. पण तिचा हाताचा टाका इतका बारीक की हाताने शिवलेली बाजू कुठली ते ओळखू येत नाही. सगळ्या तिला मामीच म्हणतात, आत्यासुद्धा. तिची जीभ तिखट आहे. आत्या आमच्या सगळ्यांसारखी बौद्ध, विहारात पौर्णिमेला पुढे उभं राहून वंदना म्हणणारी. मामीच्या कपाळावर भंडारा असतो. दोघींचं रोज भांडण व्हायचं आणि दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

तपासणीला माणूस आला तेव्हा पोळा दोन-तीन दिवसांवर होता. गावात बैलांच्या शिंगांना रंग लावायची गडबड चालली होती. तो तरुण होता, पायांत पांढरे बूट, आणि शेडच्या दारातला चिखल बघून तो ते काढावेत की नाही या विचारात थोडा वेळ थांबला. शेवटी बूट घालूनच आत आला. आत्याने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, म्हणून मीही उभी राहिले.

त्याची पद्धत अशी: ढिगातून कुठलीही गादी उचलायची, नाड्या ओढून बघायच्या, मग दोन्ही अंगठ्यांनी चारही कोपरे दाबत जायचं. तिसऱ्या की चौथ्या गादीला त्याचे अंगठे एका कोपऱ्यात थांबले. त्याने परत दाबलं. खिशातून छोटी कात्री काढून तोंडाचे टाके कापले, फोम बाहेर ओढला आणि अभ्रा उलटा झटकला. टेबलावर ज्वारीचे चार-पाच दाणे पडले.

त्याने दुसरी गादी उघडली. तिच्यातही दाणे.

तो इतका वेळ सगळ्यांशी मराठीत बोलत होता. आता माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, हलक्या आवाजात: हे इथे जमिनीवर सांडलेलं चुकून आत गेलं आहे, की सगळ्यांमध्येच आहे? इंग्रजीत अशासाठी, की ते आमच्या दोघांत राहावं. बायका आमच्याकडे बघत होत्या.

मी मराठीत म्हणाले, "आत्याला माहीत असेल. तिलाच विचारा."

त्याला ते आवडलं नाही. पण त्याने विचारलं.

आत्याला त्या क्षणी दुसरं उत्तरही देता आलं असतं. शेडमध्ये आधी धान्य असायचं, एखाद्या गादीत दाणा गेला असेल, असं म्हणाली असती तर त्याने आणखी पाच-दहा उघडून पाहिल्या असत्या आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. ती म्हणाली, "सगळ्यांत हाय."

"सगळ्यांत म्हणजे?"

"जेवढ्या शिवल्या तेवढ्यांत. तोंड शिवायच्या आधी टाकतो आमी."

"अहो पण कशासाठी?"

 मग खालून मामीचा आवाज आला. "उपाशी शिवत न्हाईत बाबा."

आमच्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तेव्हा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा किंवा चार दाणे घालतात. वाकळीलाही पोट असतं, ती रिकाम्या पोटी राहिली तर अंगावर घेणाऱ्याला ऊब देत नाही, असं म्हणतात. मी हे लहानपणी ऐकलं होतं आणि विसरले होते. मामीच्या मांडीजवळ ज्वारीची एक वाटी असायची, ती मला कोंबड्यांसाठी वाटायची. ती वाटी गाद्यांसाठी होती. मामीने सुरू केलं आणि तोंडं शिवणाऱ्या बाकीच्या दोघींनी उचललं. फोमच्या गादीला कुणी वाकळ म्हणत नाही. पण तोंड आहे म्हटल्यावर पोट आलंच, असा त्यांचा हिशोब असावा.

तपासणीवाला टेबलाला टेकून उभा राहिला. "मावशी, हे बी आहे. बी! तिकडे बाहेरचं बी चालत नाही. बंदरावर सापडलं तर अख्खा कंटेनर अडवतील, आमच्या बाकीच्या मालासकट."

"भाजून टाकले असते तर?" मामीने विचारलं.

"भाजून पण नाही चालत!"

"मग काय चालतंय त्यांना?"

"रिकामं चालतं, मावशी. रिकामं."

"त्यांच्या ढुंगणाखाली उपाशी गादी गेली तर आमचं काय जायलंय म्हणा," मामी म्हणाली, आणि दोन-तीन जणी तोंडाला पदर लावून हसल्या. तोही हसला असता, पण आवरलं त्याने. बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला आणि आत्याला म्हणाला की ट्रक उद्या संध्याकाळी येईल. तोपर्यंत जेवढ्या गाद्या उघडून, झटकून, परत शिवून होतील तेवढ्या जातील. बाकीच्या राहतील. आज मी सेलूला थांबतो, उद्या प्रत्येक गादी स्वतः दाबून बघणार.

"ट्रक एक दिवस उशिरा न्हाई का येनार?" आत्याने विचारलं.

"ट्रक थांबेल हो. जहाज नाही थांबणार."

तो गेल्यावर मी आत्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं?

"होतं की."

मी म्हणाले, तू तर विहारात सगळ्यांना सांगतेस, हे असलं सोडा म्हणून.

"ह्यात देव कुटंय? नवस न्हाई, अंगात येनं न्हाई. चार दाने हायत." मग कात्र्या गोळा करता करता म्हणाली, "आन मामीला न्हाई म्हनले असते तर तोंडं काय तू शिवनार होतीस?"

काम अवघड नव्हतं, पण वेळखाऊ होतं. टाके कापायचे, फोम ओढून काढायचा, अभ्रा उलटा करून कोपरे नखाने खरवडायचे, फोमच्या सगळ्या बाजूंवरून हात फिरवायचा. फोम परत आत जाताना अडतो, कोपरा दुमडतो, तो आत हात घालून सरळ करावा लागतो. मशीनवरच्या बायकाही खाली उतरल्या. खुर्चीवर बसून हे काम होत नव्हतं, म्हणून मी फरशीवर बसले.

"आगं बया, येतंय की मांडी घालायला!" पहिल्या दिवशी बोललेलीच म्हणाली.

"कवाधरनं येतंय?" दुसरी.

"आताच शिकली असंल. इंग्लिश शाळेतली पोरगी, चट शिकती."

मी हसले. पुढची गादी ओढली.

मामी मात्र दाराशी जाऊन बसली. "घातलेला घास तोंडातून काढायचा व्हय? माझ्यानं हुनार न्हाई." आत्याने तिची मनधरणी केली नाही. मला वाटलं होतं करेल. ती नुसती टाके कापत राहिली, आणि उघडलेल्या गाद्यांचा ढीग वाढत गेला. उघडायला सात-आठ हात होते, मिटायला दोन बायका. मामीचा हात नसताना तोंडं शिवण्याचं काम मागे पडत होतं, हे दारातून तिला दिसत होतं. दुपारची भाकरी झाल्यावर ती आत आली आणि ढिगाशेजारी बसली.

"उगडायचं तुमी," ती म्हणाली. "मिटायचं मी. मी एक बी उगडनार न्हाई."

आणि तिने एकही उघडली नाही. दोन्ही दिवस ती फक्त शिवत होती. वाटी तिच्याजवळ नव्हती. पण तोंड बंद करण्याआधी दर वेळी तिचा हात मांडीजवळ जायचा, तिथे काही नसायचं, आणि मग परत सुईवर यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक आला तेव्हा साधारण अर्धा माल तयार होता. तपासणीवाल्याने म्हटल्याप्रमाणे खरंच प्रत्येक गादी दाबून बघितली. त्याचे अंगठे लाल झाले होते. एकाही गादीत दाणा सापडला नाही. जाताना तो आत्याला म्हणाला, "खरं सांगितलंत म्हणून वाचलो आम्ही." आत्याने विचारलं, "मग पुढची ऑर्डर?" तो म्हणाला, ते साहेब ठरवतील. ट्रक वळणावर चिखलात थोडा फसला, पोळ्यासाठी रंगवलेले दोन बैल बाजूला घ्यावे लागले, आणि मग तो गेला.

उरलेल्या गाद्या भिंतीला लावून ठेवल्या.

पंधरवड्याने पुण्याचं पत्र आलं. कराची परिस्थिती स्पष्ट होईपर्यंत नवीन काम थांबवत आहोत, असं त्यात होतं. मी ते फोनवर वाचून दाखवलं.

"म्हंजे न्हाई?" आत्याने विचारलं.

"नाही असं लिहिलेलं नाही."

"म्हंजे न्हाईच."

गेलेल्या गाद्यांबद्दल पुढे काही कळलं नाही. म्हणजे त्या पोचल्या असाव्यात. शेडमध्ये मात्र काम का थांबलं यावर मतं पडली. तरुण बायका म्हणायच्या, दाण्यांमुळे. मामी म्हणायची, दाणे काढल्यामुळे. "उपाशी धाडल्या, उलट्या पावलानं परत काय येनार?" मी पत्रातलंच सांगायचे, कर वाढला म्हणून. एवढा कर असताना सगळ्या गाद्या वेळेत गेल्या असत्या तरी पुढची ऑर्डर आली असती का, याचा मी बराच विचार केला आहे. बहुधा नसती. पण पुण्याच्या त्या व्यापाऱ्याने कर वाढल्यानंतरही दुसऱ्या कुणाला काम दिलं असेल, तर ते मला कळायला मार्ग नाही. तिन्ही कारणांतलं कुठलंही सिद्ध करता येत नाही, आणि शेडला त्याने फरक पडत नव्हता.

शेडला फरक पडत होता तो मशीन चालू आहेत की नाहीत याचा. आत्या सेलूला जाऊन ऑटोवाल्यांना भेटली. फाटलेल्या सीटा आणून द्या, नवा फोम घालून देते. मग ट्रॅक्टरच्या सीटा, मग एका बालवाडीच्या बसायच्या पट्ट्या. उरलेल्या गाद्या फोडून त्यांचाच फोम वापरला. काम थोडं होतं. चारपैकी एक मशीन रोज चालायची, कधी दोन. ज्या बायकांना काम नसायचं त्याही येऊन बसायच्या. आत्याने त्यांना यायला सांगितलं होतं की त्या आपणहून यायच्या, हे मी विचारलं नाही. शेड भरलेली दिसायची.

त्या सबंध महिन्यात पाऊस थांबला नाही. नदीचं पाणी शेतांत शिरलं. मी आठवड्याला जायचे त्याऐवजी दोन-तीन आठवड्यांनी जाऊ लागले, कारण रस्ता मधेच बंद व्हायचा. दसरा झाल्यावर मी तिथे असताना आत्याचा दीर ट्रॉली घेऊन आला. दरवर्षी ट्रॉली शिगोशीग भरलेली असते म्हणे. या वेळी ताडपत्रीखाली अर्धीच होती, आणि ताडपत्री काढताच आंबूस वास आला. सोयाबीन काळं पडलं होतं, काही दाण्यांना मोड आले होते.

त्याने चपला दारात काढल्या. "वैनी, खळ्यावर गुडघाभर चिखल हाय. घरी पत्रा गळायलाय. ही फरशी पायजे. सगळी."

"किती दिवस?"

"वाळंस्तोर." त्याने आत नजर फिरवली. भिंतीकडेच्या तीन मशीनवर कापड टाकलेलं होतं. "न्हाईतरी चालू काय हाय हितं?"

चौथ्या मशीनवर एकजण ऑटोची सीट शिवत होती. ती थांबली नाही. उलट पायडल जोरात मारायला लागली.

"कान फुटले का रं भाऊ?" मामी म्हणाली. "मशीन चालू हाय, ऐकू येत न्हाई?"

"मामी, मी तुमाला न्हाई बोललो."

"मी बी तुला न्हाई बोलले. मशीनीला बोलले, हळू चाल म्हनून."

तो हसला नाही. ट्रॉलीकडे बघत उभा राहिला. पेरणीपासूनचं सगळं त्या अर्ध्या ट्रॉलीत होतं, आणि तेही वाळलं नाही तर कुणी घेणार नव्हतं. हे आत्यालाही दिसत होतं. ती त्याला नाही म्हणू शकली असती. मशीन चालू होती, शब्द त्याचाच होता. मी तिच्याकडे बघत होते. तिने मशीनवालीला हाताने थांब म्हणून खूण केली. मग टेबलावरचा कापडावर खुणा करायचा खडू घेतला, खाली वाकली, आणि पहिल्या मशीनच्या पायाभोवती फरशीवर रेघ ओढली.

"हे काय करायलाव वैनी?"

"खुना."

"कशाच्या?"

"मशीन परत हितंच येनार हायत. इसरायला नको." तिने दुसऱ्या पायाभोवती रेघ ओढली, मग तिसऱ्या. चारही मशीनच्या सगळ्या पायांभोवती. त्याला दाराशी थांबावं लागलं. ती घाई करत नव्हती. शेवटचा पाय झाल्यावर ती उठली आणि खडू पिशवीत टाकला. "धरा आता भाऊजी. लई जड हायत. मला एकटीला उचलत न्हाईत."

त्याने रेघांकडे बघितलं. मग पुढे आला आणि पहिल्या मशीनचं दुसरं टोक त्याने उचललं.

मशीन बाहेरच्या ओट्यावर गेल्या, वर ताडपत्री टाकली. सोयाबीन सगळ्या फरशीवर पसरलं. बायका दिवसातून तीन-चार वेळा पायाने ते वर-खाली करायच्या, सरळ रेषेत चालत, घरात धान्य वाळत घातल्यावर करतात तसं. मामीही चालली. दीर सकाळ-संध्याकाळ येऊन मूठ भरून दाणे दाताखाली धरून बघायचा. ऊन चांगलं पडलं, आणि मग एक दिवस त्याने पोती भरली. फार नव्हती. दाराशेजारच्या कोपऱ्यात सगळी मावली असती, पण त्याने ठेवली नाहीत, सरळ बोरीच्या बाजाराला नेली.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा बायका फरशी झाडत होत्या. इतके दिवस पाय फिरल्याने बऱ्याच रेघा पुसल्या गेल्या होत्या. कुठे अर्धा गोल दिसत होता, कुठे नुसता पांढुरका डाग.

"माझी मशीन खिडकीखाली होती."

"तुझी कवा खिडकीखाली होती? माझी होती."

"ही बग ना रेघ!"

"ती रेघ न्हाई, सोयाबीनचा डाग हाय."

दीर राहिलेली ताडपत्री न्यायला आला होता. त्याने ती घडी घातली, खांद्यावर टाकली, आणि दारातून म्हणाला, "वैनी, दिवाळीनंतर बगू मग शेडचं."

आत्या त्या वेळी एका मशीनचं टोक धरून उभी होती. दुसरं टोक मी धरलं होतं. तिने मान वळवली नाही.

"बगू की भाऊजी. तुमचं हरभऱ्याचं बी आनून ठिवा पायजे तर. दारापाशी कोपरा दिते तुमाला."

तो ताडपत्री घेऊन निघाला. खिडकीवरून त्या दोघींचं भांडण चालूच होतं. आत्या म्हणाली, "खिडकीकडं घे गं, उजेड हाय," आणि आम्ही मशीन खिडकीखाली ठेवली.